वैशाखात प्लास्टर

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन चार दिवस झाले होते. चोपड्यात वैशाखात दुपारी बारानंतर कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही, माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पेशंट कुठून येणार? शटर ओढायला उठले आणि दारात चौघं उभी. जिनिंगमध्ये कामाला असलेला बाप, आई, आजी आणि आजीच्या कडेवर चौदा महिन्यांचा पोरगा, मुठीत ज्वारीच्या बिबडीचा तुकडा.

दिवाळीला लेक माहेरी आली होती, तेव्हा आजीनेच पहिल्यांदा ओळखलं. पालथं घालून तेल लावताना डावीकडच्या बरगड्या हाताला जास्त लागत होत्या. पोराच्या कण्याला एका बाजूला बाक होता. तेव्हापासून यांच्या चकरा सुरू. एका डॉक्टरांनी सांगितलं, चालायला लागला की होईल सरळ. मोठ्या शहरातल्या एका सर्जननी सांगितलं, दहा वर्षांचा झाला की ऑपरेशन, तोवर थांबा. एका दुकानदाराने नऊ हजारांचा पट्टा दाखवला. बापाने पिशवीतून दोन एक्सरे काढून टेबलावर ठेवले. "मॅडम, तुम्ही व्यायाम सांगा. दिवसातून चारदा करू, पाचदा करू."

व्यायाम सांगणं मला सोपं होतं. फी मिळाली असती, तेही समाधानाने घरी गेले असते. सात-आठ वर्षांपूर्वी मी नेमकं तेच केलं होतं. दीड वर्षाची एक मुलगी होती. आठ महिने तिला मी स्ट्रेचिंग दिलं, आईला धीर दिला आणि एक्सरे पुन्हा काढायला सांगितलाच नाही. काढला तेव्हा बाक साठ अंशांच्या पुढे गेला होता. आज तिच्या पाठीत रॉड आहेत आणि ते लांबवायला तिला पुन्हापुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागतं. तिची आई अजून बाजारात भेटते, हसून बोलते. ते हसणं मला जड जातं.

म्हणून आधी पोराला पाहिलं. काखेत हात घालून उचललं तर बाक बराच सैल झाला, म्हणजे पाठ अजून लवचीक होती. मग एक्सरे खिडकीच्या काचेला लावले, पट्टी-पेन्सिल घेतली. बाकाचा कोन दिवाळीला 26 अंश, आता 38. सहा महिन्यांत बारा अंश. 'थांबा' म्हणणाऱ्यांनी हे दोन एक्सरे शेजारी-शेजारी ठेवून पाहिले होते की नाही, कोण जाणे.

लंडनमध्ये काम केलेल्या मिन मेहता या अस्थिशल्यविशारदांनी 1972 साली बरगड्यांच्या कोनाची एक खूण सांगितली. बाकाच्या मध्यावरच्या मणक्याशी दोन्हीकडच्या बरगड्या जो कोन करतात, त्यांतला फरक 20 अंशांच्या पुढे असला तर बाक वाढण्याची शक्यता जास्त. कमी असला तर पुष्कळ तान्ह्या मुलांचा बाक आपोआप जातो, म्हणून पहिले डॉक्टर अगदीच चुकीचं बोलले नव्हते. या पोराचा फरक माझ्या हिशोबाने 25 आला. माझं मोजमाप शेवटचं नाही, हेही त्यांना सांगितलं.

याच मेहताबाईंनी 2005 मध्ये 136 मुलांची हकीकत मांडली. लवकर, सरासरी एक वर्ष सात महिन्यांच्या वयात, धडाभोवती प्लास्टर सुरू झालेल्या 94 मुलांचा बाक गेला. उशिरा आलेल्या 42 जणांचा कमी झाला, पण गेला नाही. वाढत्या वयाचा जोर असतो, प्लास्टर त्याला दिशा देतं. बापाला मी म्हटलं, "वेलाला काठी लावतो ना आपण? वेल कोवळा असतानाच लावतो."

"म्हणजे अजून वेळ आहे?"

"आहे. पण आता वाट पाहण्यात घालवायचा नाही."

मुंबईला दाखवायला सांगितलं आणि काय विचारायचं ते पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं. मणका जन्मतःच अर्धवट घडलेला नाही ना? कारण तसा असेल तर उपचाराचा हिशोबच बदलतो. एमआरआय करून मज्जारज्जू पाहायचा का? भूल देऊन, ताण देणाऱ्या चौकटीवर प्लास्टर घालता का? तालुक्याच्या बालस्वास्थ्य पथकातल्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना ते वर पाठवतात, चिठ्ठी असली की निदान पहिली खिडकी तरी चुकत नाही.

आजी इतका वेळ गप्प होती. आता म्हणाली, "इतल्या उन्हामा पलस्तर? मन्हा पोऱ्या उकडी मरी जाई, ताई."

यावर माझ्याकडे गोड उत्तर नव्हतं. दोन-तीन महिन्यांनी प्लास्टर बदलतात, मधल्या काळात अंघोळ नाही, ओल्या फडक्यानेच पुसायचं. घाम येणार, खाज सुटणार, पोर किरकिरणार. पोटापाशी गोल खिडकी ठेवतात, श्वासाला आणि जेवल्यावर फुगणाऱ्या पोटाला जागा राहावी म्हणून. वर्षभर तरी हे चालेल. कूलरसमोर झोपवा, खालच्या कडेतून बिबडीचे तुकडे आत जाऊ देऊ नका. आई खुदकन हसली, मग लगेच पदर डोळ्यांना लावला.

बाप पावती घडी घालून खिशात ठेवत होता. आजीने नातवाला टेबलावर बसवलं, त्याच्या छातीभोवती विती टाकल्या. अडीच विती, वर दोन बोटं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "पलस्तरवरतून घालाले झबलं शिवनं पडी. कितलं मोठं शिवू?"

मी म्हटलं, "चार बोटं अजून वाढवा."