आधी गाणं ऐका

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते. रामबागेत माझ्या क्लासला मुलांना सोडायला येणारे आईबाबा, भिशीतल्या बायका, सगळ्यांचं एकच: "ताई, ख्याल शिकवता आणि फोनवर हा रडका गोरा कोण? त्यानं जीव दिला ना?"

एलियट स्मिथ, अमेरिकन गायक, गाणी स्वतःच लिहायचा. जीव दिला का, ते ठरलेलं नाही. 21 ऑक्टोबर 2003ला लॉस एंजेलिसमध्ये गेला, 34 वर्षांचा होता. आत्महत्या की खून, याचा निकाल शवविच्छेदनातूनही लागला नाही. आयुष्यात दारू होती, ड्रग्ज होती, नैराश्य होतं. झालं समाधान?

आणि रडका नाही हो तो. रडणाऱ्याला इतकं नेटकं जमत नाही. आवाज कुजबुजीएवढा, पण तीच ओळ दोनदा गाऊन एकावर एक बसवायचा. गळा एकच, तरी दोन वेळच्या गाण्यात केसभर फरक राहतोच. आजोबांकडे तानपुऱ्यांची जोडी होती. दोन्ही कितीही सुरात लावले तरी मधली हवा हलायची, तसं वाटतं. 1994चा पहिला अल्बम 'रोमन कॅण्डल' तळघरात चार ट्रॅकच्या रेकॉर्डिंग मशीनवर केलेला. तारेवरून बोट घसरल्याचा आवाजसुद्धा त्यात आहे.

तुम्हाला काय बोलू, हा प्रश्न मीच पसरवलाय. एका कोजागिरीला आमच्या गच्चीवर सगळे जमले होते. स्टोव्हवर दूध आटत होतं. मी म्हटलं, आता एक ऐकवते, आणि तो कसा गेला ते रंगवून सांगितलं. मधे थांबून, आवाज खाली आणून. मग गाणं लावलं.

मावशी समोर चटईवर बसली होती. तिचा मुलगा, माझा मावसभाऊ, दोन वर्षांपूर्वी गेला होता. कसा, ते इथे लिहिणार नाही. ती उठली, पातेल्याशी गेली आणि पळी फिरवत राहिली. गाणं संपलं तरी फिरवतच होती. मी जवळ गेले. वर न बघता म्हणाली, "गाणं चांगलं असेल गं. मला ऐकूच आलं नाही. तू आधी ते सांगितलंस ना."

मग जरा वेळानं, "माझ्या मुलाचंही सगळे हेच करतात. वीस वर्षं तबला वाजवला त्यानं. ठेका कुणाला आठवत नाही."

पळी फिरत होती तरी दूध खाली लागलंच. जळका वास येत होता. सगळ्यांनी मुकाट्यानं प्यायलं.

बाविशीतली मी म्हणायची, दुःख नसतं तर ही गाणी झालीच नसती. मूर्ख कार्टी. शेवटी शेवटी तो स्टेजवर स्वतःच्याच ओळी विसरायचा, हे दुःखानं दिलेलं गाणं म्हणायचं का? पण रात्री दोनला ऐकताना तो कसा गेला हे डोक्यातून जातं, असं म्हटलं तर ते खोटं होईल.

1998च्या ऑस्करला पांढऱ्या सुटात एकटा गिटार घेऊन उभा राहिला, 'गुड विल हंटिंग' सिनेमातलं स्वतःचं गाणं गायला. बक्षीस 'टायटॅनिक'च्या गाण्याला गेलं. पुढे कुणी ते गाणाऱ्या सेलीन डियॉनला हसलं की हाच तिची बाजू घ्यायचा. हे विचारा ना कधीतरी.

परवा एका मुलीच्या बाबांनी विचारलं, कोण हो हा? आणि मी सांगितलं. आधी तेच सांगितलं.