मुलांना घेऊन कान्हेरी: लेण्यांइतकीच पाण्याची टाकी बघा

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी डिसेंबरातल्या एका रविवारी घरच्या सगळ्यांनी मिळून पाहिली. सहा वर्षांची लेक, तिच्याहून थोडा मोठा भाचा आणि सासूबाई असा ताफा होता. जंगल, थोडी चढण आणि दोन हजार वर्षं जुनी कोरलेली घरं, हे सगळं अर्ध्या दिवसात आणि लोकल पकडून जाता येईल इतक्या जवळ. ज्यांची मुलं पहिल्यांदाच डोंगर चढणार आहेत त्यांना मी बेधडक हीच जागा सुचवेन.

उद्यान आणि लेणी सोमवारी बंद असतात. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की मुख्य दार चालत गाठता येतं, पण तिथून लेण्यांचा पायथा सहा-सात किलोमीटर आत आहे. हे अंतर मुलांना चालवू नका. आतल्या बसने जा आणि पायांतलं बळ डोंगरासाठी राखून ठेवा. उद्यानाचं तिकीट वेगळं आणि लेण्यांसाठी पुरातत्त्व खात्याचं वेगळं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट लागत नाही. निघायचं मात्र सकाळी लवकरच. उन्हं वर आली की काळा कातळ तापतो आणि पायऱ्यांवर सावली कमीच.

पायथ्याच्या पायऱ्या चढलं की लगेच तीन क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्खूंचं प्रार्थनेचं दालन, लागतं. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीचे उभे बुद्ध आहेत. मुलांना मूर्तीच्या पायाशी उभं करा, म्हणजे तिची उंची त्यांना आपोआप कळते. आत खांबांच्या रांगा आणि टोकाला स्तूप. सगळे खांब कोरून झालेले नाहीत, काही नुसतेच साधे अष्टकोनी आहेत. आम्ही मुलांना कोरलेल्या खांबांच्या माथ्यावरचे हत्ती शोधायला लावलं. सोंडेत घडा धरून पाणी घालणारे हत्ती सापडले तेव्हा लेकीला कोण आनंद झाला!

पुढची सगळी सकाळ मग पाण्याच्याच मागे गेली. इथे शंभराहून जास्त लेणी आहेत आणि ती एकामागून एक बघत बसलात तर मुलं दहाव्या लेण्याला कंटाळणार. त्यापेक्षा कातळात खोदलेली पाण्याची टाकी शोधायला सांगा. बहुतेक विहारांच्या, म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या लेण्यांच्या, अंगणात एका बाजूला जमिनीलगत चौकोनी तोंड दिसतं, वाकून पाहिलं की आत अंधारात पाणी चमकतं. भाच्याला वरच्या कातळावर कोरलेली एक बारीक पन्हळ दिसली. तिच्यावर पाऊल ठेवत ठेवत तो खाली उतरला तर ती थेट टाक्याच्या तोंडाशीच थांबली. डोंगरावर पडलेला पाऊस असा पन्हळींनी खाली आणून वर्षभरासाठी साठवायची ही सोय. इथल्या शिलालेखांत टाकी दान करणाऱ्यांचे उल्लेख आहेत, त्यात कल्याणचा एक सोनारही आहे. भिक्खूंना पाणी मिळावं म्हणून त्याने स्वतःची कमाई दिली, ही गोष्ट सासूबाईंनी मुलांना तिथेच टाक्याशेजारी बसून सांगितली. "आजी, आपण पण टाकी देऊ या का?" असं लेकीने लगेच विचारलं. एक मात्र कडक सूचना: टाकी खोल आहेत आणि कडा गुळगुळीत. डोकावताना मुलाचा हात धरूनच ठेवा.

सासूबाई अकरा क्रमांकाच्या लेण्यापर्यंत आरामात आल्या. दरबार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मोठ्या दालनात दोन लांबच लांब ठेंगणे दगडी ओटे आहेत, आत चांगला गारवा असतो. गुडघे दुखणाऱ्यांनी इथवर यावं आणि निवांत बसावं. बाकीच्यांनी वर एक्केचाळीस क्रमांकाच्या लेण्यापर्यंत जावंच. तिथे अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आहे, मुलांना मस्तकं मोजायला लावा. इतिहासाची आवड असेल तर नव्वद क्रमांकाचं लेणंही गाठा. १००९ आणि १०२१ साली इथे आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी या जुन्या इराणी लिपीत कोरलेले लेख तिथे आहेत.

कातळातल्या पायऱ्या झिजून घसरड्या झाल्यात, तेव्हा चपला नकोत, पकड असलेले बूटच हवेत. पावसाळ्यात इथे जागोजाग पाणी वाहतं, दिसतंही फार सुंदर, पण शेवाळामुळे लहान मुलांसाठी मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच सांगेन. विहारांच्या आतल्या खोल्यांसाठी टॉर्च घ्या. पाणी घरून भरपूर न्या, टाक्यांतलं आता पिण्याजोगं नाही.

माकडं हातातली पिशवी हिसकावतात, त्यामुळे खाऊ चेनच्या सॅकमध्ये आणि सॅक पाठीवर. त्यांना काही खायला घालू नका. मुलांनी हट्ट केला तरी नाही. उद्यानात बिबटे आहेत. म्हणून पायवाट सोडून झाडीत शिरायचं नाही आणि मुलांना पुढे एकटं धावू द्यायचं नाही. परतीची शेवटची बस किती वाजता, हे सकाळी उतरतानाच चालकाला विचारून ठेवा.