दोन कन्सोल, एक खाते आणि बेटावर अडकलेले बाबा

घरोघरी जाऊन टीव्ही, वाय-फाय, गेम कन्सोल अशी उपकरणे जोडून देणे आणि ती चालेनाशी झाली की पुन्हा मार्गी लावणे, हा माझा व्यवसाय आहे. त्यात मुलांच्या गेमिंग खात्यांची कामे अलीकडे इतकी वाढली आहेत की, तारा जोडण्यापेक्षा विसरलेले पासवर्ड शोधण्यातच माझा अधिक वेळ जातो. ही कामे बहुधा एकसारखी असतात आणि तासाभरात आटोपतात. ज्या घरातील प्रसंग येथे सांगत आहे, तेथे मात्र जवळजवळ अख्खा दिवस गेला.

तक्रार मुलांच्या आईने नोंदवली होती. घरात निन्टेंडो स्विच या जातीचे दोन गेम कन्सोल होते, एक ११ वर्षांच्या मुलीचा आणि दुसरा तिच्या ८ वर्षांच्या भावाचा. दोघांना मावसभावाबरोबर ऑनलाइन खेळायचे होते, पण मुळात बहीणभावांनाच एकमेकांना फ्रेंड म्हणून जोडता येत नव्हते. शिवाय एकजण ऑनलाइन खेळू लागला की दुसऱ्याचा खेळ मध्येच थांबत असे आणि त्यावरून रोज भांडणे होत. दुसऱ्या यंत्रात काही तरी बिघाड आहे, अशी सर्वांची समजूत होती.

मी दोघांनाही आपापला फ्रेंड कोड, म्हणजे मैत्रीची विनंती पाठवण्यासाठी वापरायचा खात्याचा क्रमांक, उघडायला सांगितले. हा १२ अंकांचा असतो आणि चार-चार अंकांच्या तीन गटांत दिसतो. दोन्ही यंत्रे टेबलावर शेजारी ठेवली. मुलगी आपल्या पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचू लागली आणि भाऊ बोट ठेवून स्वतःच्या पडद्यावर ते पडताळू लागला. पहिला गट जुळला, दुसरा जुळला, तिसराही जुळला. “ताई, तू माझाच नंबर वाचते आहेस,” तो म्हणाला. यंत्रे दोन असली तरी खाते एकच होते, आणि कोणत्याही खात्याला स्वतःलाच मैत्रीची विनंती पाठवता येत नाही.

वडिलांनी मग सगळा उलगडा केला. मुलीचा कन्सोल आणला तेव्हा मुलांच्या खात्यासाठी पालकांच्या संमतीचे बरेच टप्पे पुढे आले. ते टाळावेत म्हणून त्यांनी स्वतःचा ईमेल आणि स्वतःची जन्मतारीख देऊन खाते उघडले. पुढे मुलासाठी दुसरा कन्सोल घेतला, तेव्हा तोच ईमेल आणि तोच पासवर्ड तेथेही टाकला. यात यंत्राने त्यांना कोठेही अडवले नाही, कारण एक निन्टेंडो खाते एकाहून अधिक कन्सोलवर जोडता येते. मात्र त्या खात्याने एका वेळी एकाच ठिकाणी ऑनलाइन खेळता येते.

त्या एका खात्याने घरात बरेच गैरसमज पेरले होते. मुलीच्या एका मैत्रिणीने तिच्याशी बोलणे सोडले होते, कारण फ्रेंड लिस्टमध्ये ही सतत ऑनलाइन दिसायची आणि तरी खेळायला बोलवायची नाही. प्रत्यक्षात ऑनलाइन असायचा तो भाऊ. त्याने स्वीकारलेल्या अनोळखी लोकांच्या विनंत्या हिच्या यादीत दिसत होत्या. खाते प्रौढ माणसाचे असल्याने खरेदीवर बंधन नव्हते आणि वडिलांचे कार्डही तेथे जतन केलेले होते. त्यातून नुकसान झाले नव्हते, हे सुदैवच म्हणायचे.

उपाय सरळ होता. वडिलांच्या खात्याला प्रमुख ठेवून फॅमिली ग्रुप तयार करायचा, त्यात दोन्ही मुलांची त्यांच्या खऱ्या जन्मतारखांनिशी पालकांच्या देखरेखीखालची खाती उघडायची, आणि वैयक्तिक सदस्यत्वाऐवजी निन्टेंडो स्विच ऑनलाइन या ऑनलाइन खेळण्याच्या सेवेचे कौटुंबिक सदस्यत्व घ्यायचे. वैयक्तिक सदस्यत्व एकाच खात्याला लागू होते, तर कौटुंबिक सदस्यत्वात ग्रुपमधील ८ खात्यांपर्यंत सर्वांचा समावेश होतो. जन्मतारीख खरी लिहावी, असा माझा आग्रह असतो. खोटी तारीख लिहून वाचवलेली दहा मिनिटे पुढे व्याजासह फेडावी लागतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

खाती उघडण्यास फारसा वेळ लागला नाही. वडील उत्साहाने मुलीच्या यंत्रावर स्वतःचे जुने प्रोफाइल, म्हणजे त्या यंत्रावरची खेळाडूची नोंद, काढून टाकण्यासाठी सेटिंग्जमध्ये शिरले आणि डिलीटच्या पानापर्यंत पोहोचले. मी त्यांना तेथेच थांबवले. स्विचवर प्रोफाइलला एकदा निन्टेंडो खाते जोडले की ते सुटे करता येत नाही. प्रोफाइलच पुसावे लागते. आणि प्रोफाइल पुसले की त्याखाली जतन झालेली खेळांची प्रगतीही जाते. मी मुलीला विचारले, “या प्रोफाइलवर तू काय काय खेळतेस?” तिने ‘ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ उघडून दाखवला.

२०२० साली आलेल्या या बेट वसवण्याच्या खेळात एका कन्सोलवर एकच बेट असते आणि त्यावर ८ खेळाडूंपर्यंत राहता येते. जो सर्वांत आधी खेळ सुरू करतो तो बेटाचा प्रतिनिधी होतो. पूल आणि चढ बांधणे, इमारती हलवणे ही कामे फक्त त्यालाच करता येतात, आणि हे पद दुसऱ्याला सोपवता येत नाही. मुलीने ते बेट दोन वर्षे खपून उभे केले होते. फुलांच्या रंगांनुसार आखलेल्या बागा, धबधब्यांच्या वर बसवलेले ग्रंथालय, शेजाऱ्यांच्या घरांभोवतीची नक्षीची कुंपणे, हे सारे तिने मला एकेक करून दाखवले. पण खेळाच्या दृष्टीने ते बेट वडिलांच्या प्रोफाइलचे होते. तिच्या नव्या खात्याने प्रवेश केला असता, तर स्वतःच्याच बेटावर तिला नवी रहिवासी म्हणून तंबूपासून सुरुवात करावी लागली असती.

जतन केलेला खेळ एका प्रोफाइलवरून दुसऱ्या प्रोफाइलवर हलवण्याची सोय स्विचवर नाही. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर तो नेता येतो, पण त्याच खात्यासाठी. म्हणजे पर्याय दोनच उरत होते. मुलीने वडिलांच्या नावाच्या प्रौढ खात्यावरच पुढे खेळत राहायचे, किंवा आपल्या खात्याने आपल्याच बेटावर पाहुणीसारखे उतरायचे. वडिलांचा कल पहिल्याकडे होता, कारण मुलीचे मन दुखवू नये असे त्यांना वाटत होते. आईला ते मान्य नव्हते. माझे मत विचारले तेव्हा मी स्पष्ट सांगितले की, आज हे टाळले तर मैत्रिणी, खरेद्या आणि नवे खेळ त्याच खात्याला चिकटत जातील आणि सोडवणूक दर वर्षी अधिक कठीण होईल. पण बेट तिचे आहे, तेव्हा निर्णयही तिने घ्यावा.

तिने बराच वेळ प्रश्न विचारले. जुन्या घरातील सामान मिळेल का? मिळेल, जुन्या पात्राने वस्तू जमिनीवर ठेवल्या की नव्या पात्राला त्या उचलता येतात. शिकलेल्या पाककृती आणि अवजारांच्या कृती? त्या पुन्हा शिकाव्या लागतील. बागा राहतील का? राहतील, बेट तर तेच असते. मग तिने शेवटचा प्रश्न विचारला, “आणि पूल बांधायचा असेल तर?” त्यासाठी जुन्या प्रोफाइलमधून, म्हणजे वडिलांच्या खात्यातून, खेळात शिरावे लागेल, असे मी सांगितले. ती वडिलांकडे वळली आणि म्हणाली, “बाबा, मग तुम्हीच प्रतिनिधी. मी सांगेन तेथे पूल बांधायचे.”

यात एक गंमत होती. पात्राचे रूप आरशासमोर हवे तेव्हा बदलता येते, परंतु सुरुवातीला दिलेले नाव बदलत नाही. त्यामुळे वडिलांना कपडे आणि केस बदलून घेता आले, पण बेटावर शेजारी म्हणून राहणारे प्राणी त्यांना त्यांच्या मुलीच्या नावाने हाका मारू लागले. आयुष्यात कधी कंट्रोलर हातात न धरलेला तो माणूस तासभर सोफा, दिवे आणि गालिचे जमिनीवर ठेवत होता आणि तंबूतून बाहेर आलेली त्याची मुलगी ते उचलत होती.

मुलाचे काम त्यामानाने सोपे निघाले. त्याचा आवडता खेळ गाड्यांच्या शर्यतींचा, ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ होता. त्यात बहुतेक सर्व पात्रे आणि सर्व ट्रॅक पहिल्यापासूनच खुले असतात, त्यामुळे नव्या खात्यात गेल्यावर त्याचे गाड्यांचे काही सुटे भाग तेवढे गेले. खेळाची डिजिटल प्रत मात्र एकच होती आणि एका प्रतीवर दोघा मुलांना आपापल्या खात्याने दोन यंत्रांत एकाच वेळी शर्यत लावता येत नाही, म्हणून दुसरी प्रत घ्यावी लागेल असे सांगितले.

मावसभावाबरोबर ‘माइनक्राफ्ट’ खेळण्याचा प्रश्न शेवटी घेतला. तो एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलवर खेळतो. स्विचवरून त्याच्याशी जोडले जायचे तर मुलांना निन्टेंडो खात्याखेरीज मायक्रोसॉफ्टचे खातेही लागते, आणि ते लहान मुलाचे असेल तर ऑनलाइन खेळांत सामील होण्याची, तसेच इतर कन्सोलवरील खेळाडूंशी खेळण्याची परवानगी पालकाने तेथे वेगळी द्यावी लागते. निन्टेंडोकडे सर्व काही खुले करूनही येथे अडते, आणि पालकांना वाटते की खेळच बिघडला आहे. मावशींना फोन लावून त्यांच्या मुलाच्या खात्यातही तीच परवानगी द्यायला लावली.

जाण्यापूर्वी पालक नियंत्रणाचे ॲप आईच्या फोनवर बसवून दिले. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांवर खेळण्याच्या वेळेची मर्यादा मुलाच्या खात्याला लागते, स्विचवर ती संपूर्ण यंत्राला लागते, मग त्यावर कोणीही खेळो. या घरात प्रत्येकाचे यंत्र वेगळे असल्याने ते सोयीचेच होते. दोघांनाही सारखा वेळ ठरवून दिला आणि पिन फक्त आईला ठाऊक राहील असे केले.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. धाकट्यालाही आता बेटावर घर हवे होते. जागा आहे, त्याचे प्रोफाइल ताईच्या यंत्रावर जोडता येईल, पण तेथे खेळलेला त्याचा वेळ ताईच्या वेळेतून वजा होईल, असे मी सांगितले. फोन स्पीकरवर असावा. माझे वाक्य पूर्ण होण्याआधीच मागून मुलीचा ठाम नकार ऐकू आला, आणि दुसऱ्या यंत्रासाठी त्या खेळाची आणखी एक प्रत घेतल्यास त्याचे स्वतंत्र बेट होईल का, असे तिच्या आईने मला विचारले. होईल, असे मी सांगितले, फक्त पहिल्यांदा खेळ सुरू करताना मुलाचेच प्रोफाइल निवडायला बजावले.