पेकिंगचं पत्र: तिसरं पान आणि एक अडलेला शब्द

१९०० सालच्या पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) पत्राची तीन पानं वाचून झाली, चौथं बाकी आहे. लिहिणारा ब्रिटिश अधिकारी, पत्र आईला. शिसपेन्सिलीचा मजकूर घड्यांवर पार पुसलाय.

आधी पाकीट. तिकीट व्हिक्टोरिया राणीचं, एक आण्याचं, जांभळट. वर काळ्या अक्षरांत 'सी. ई. एफ.', म्हणजे चायना एक्स्पिडिशनरी फोर्स, चीनच्या मोहिमेवरची फौज. या ओव्हरप्रिंटमध्ये (तिकिटावर मागाहून छापलेल्या अक्षरांत) बनावट माल फार, म्हणून भिंगाखाली तपासलं. फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्याची शाई अक्षरांवरून गेलीय. उलट असतं, म्हणजे अक्षरं शिक्क्यावर असती, तर ती नंतर कुणीतरी छापलेली ठरून कपाळाला हात लावायची वेळ होती.

आता मजकूर. बॉक्सर या परदेशीविरोधी बंडखोरांनी वेढलेल्या वकिलाती सोडवायला आठ देशांच्या आघाडीच्या फौजा १४ ऑगस्टला शहरात शिरल्या, दुसऱ्याच दिवशी चीनची राजमाता त्सिशी निसटली. पुढे पत्रात रशियन लुटतात, फ्रेंच लुटतात, जपानी खजिन्यातली चांदी नेतात. शब्द 'लूट'च, आपल्याकडूनच इंग्रजीत गेलेला. स्वतःच्या पलटणीची पाळी आली की तो गायब होतो आणि 'लिलाव' येतो. ब्रिटिश वकिलातीत असे लिलाव खरोखर होत. रेशीम, फर, चिनी मातीची भांडी विकायची आणि आलेला पैसा हुद्द्याप्रमाणे वाटायचा. चोरीच्या मालाला पावती!

अडलो ते तिसऱ्या पानावर. फरच्या कोटापुढे 'बॉट' आहे की 'ब्रॉट'? विकत घेतला, की नुसता आणला? समोरच्या उजेडात काही कळेना. खोलीत अंधार केला आणि टॉर्च कागदाला लगटून आडवा धरला. शिसं उडालं तरी पेन्सिलीचा दाब कागदात राहतो. डावीकडून पाहिलं, काही नाही. खालून धरल्यावर 'आर'चं वळण उमटलं. ब्रॉट. एवढ्यावरून कोट उचलला असं म्हणता येणार नाही, मान्य. पण लिलावातल्या फुलदाणीची किंमत त्याने डॉलरांत लिहिलीय. कोटाची कुठेच नाही.

याच मोहिमेवर गेलेल्या सातव्या राजपूत पलटणीच्या ठाकूर गदाधर सिंहांनी हिंदीत लिहून ठेवलंय. त्यांना चिनी माणसांचे हाल दिसले होते. या पत्रात तीन पानांत चिनी माणूस एकदाही आलेला नाही.

चौथ्या पानावर मोठा पाण्याचा डाग आहे. तिथला कागद फुगून दाब बुजलाय, त्यामुळे टॉर्चचा उपयोग नाही. सध्या डागाच्या वरच्या दोन ओळी लागल्यात, त्यात फक्त थंडीबद्दल तक्रार आहे.