तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पाब्लो हनी’च का?

रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचे नंतरचे एवढे थोर काम समोर असताना मी अजूनही त्यांच्या पहिल्याच अल्बमकडे, १९९३ च्या ‘पाब्लो हनी’कडे, का वळतो, असे मला वर्षानुवर्षे विचारले जाते. त्यातल्या ‘क्रीप’ या गाजलेल्या गाण्यापलीकडे मी काही ऐकलेच नसणार, हा समज त्या प्रश्नात बहुतेकदा दडलेला असतो आणि तो मला लागतो. मी सगळे ऐकले आहे. त्यांचा नंतरचा अल्बम ‘किड ए’ मलाही थोर वाटतो. तुमचे आक्षेप मला नवे नाहीत, कारण एके काळी ते मीच मांडत असे.

हा अल्बम मला एका मित्राने ऐकवला. आम्ही दोघे तेव्हा गिटार शिकत होतो. ‘क्रीप’मध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत चारच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूरसमूह, फिरतात: जी, बी, सी आणि सी मायनर. त्यातली सीवरून सी मायनरवर येणारी उतरण त्याने मला कितीदा तरी वाजवून दाखवली होती. तिथे पोटात काहीतरी हलते, असे तो म्हणे. पुढे काही वर्षांनी, चार जाणकार मंडळी जमलेली असताना, त्याने तेच गाणे लावले आणि मी बोलू लागलो. ही उतरण ‘द एअर दॅट आय ब्रीद’ या जुन्या गाण्यात आधीच होती, म्हणूनच ‘क्रीप’च्या रचनेच्या श्रेयात त्या गाण्याचे रचनाकार अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवुड यांची नावे घालावी लागली, अल्बम जेमतेम तीन आठवड्यांत उरकलेला, गिटारांचा गोंगाट त्या काळातल्या कोणत्याही बँडचा वाटावा असा. मी थांबेपर्यंत त्याने गाणे बंद केले होते. “हे सगळं खरं असेल,” तो म्हणाला, “पण तू ते आत्ता, यांच्यासमोर का सांगितलंस?” मी उत्तर दिले नाही. त्यानंतर त्याने माझ्यासमोर एकही गाणे लावले नाही.

त्या दिवशीच्या माझ्याशी मी अजून भांडतो, आणि दरवेळी मी जिंकतोच असे नाही, कारण त्या दिवशीच्या ‘मी’ची माहिती बिनचूक होती. मात्र त्याचे कान बंद होते. ‘क्रीप’च्या ध्रुवपदाआधी बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुडने मारलेले ते खरखरीत फटकारे त्याने ऐकले नाहीत, गाण्याचा संथपणा न रुचल्याने ग्रीनवुड ते मोडू पाहत होता आणि त्या मोडण्यानेच गाणे उभे राहिले. शेवटचे गाणे ‘ब्लो आउट’ हलक्या, जवळजवळ ब्राझिलियन बोसा नोव्हाच्या ठेक्यावर सुरू होऊन गिटारांच्या वादळात बुडते, आणि पुढचा रेडिओहेड तिथे स्पष्ट ऐकू येतो. आपण कोण आहोत हे अजून न कळलेले पाच जण इथे वाजवत आहेत; नंतरच्या कोणत्याही अल्बममध्ये मला हे पुन्हा मिळत नाही.

हे सारे मला खरोखर ऐकू येते, की त्या मित्राचे देणे फेडण्यासाठी मी ते शोधून काढले, अशी शंका मला स्वतःलाच येते आणि ती मी झटकू शकलेलो नाही. सी मायनर आला की मी आजही बोलता बोलता थांबतो. याच अल्बममधले ‘हाउ डू यू?’ मात्र मला तेव्हाही कच्चे वाटत होते आणि आजही मी ते वगळूनच पुढे जातो.