मागितलेल्या किमतीवर किती चढवायचे?

नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनला नव्याने आलेले मराठी कुटुंब पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले की पाने वाढून होण्याआधीच एक प्रश्न येतो. "तुम्ही मागितलेल्या किमतीपेक्षा किती जास्त दिलेत?" आणि त्याला जोडून दुसरा, "मग आम्ही किती जास्त लावायचे?" जेवणाच्या गडबडीत या प्रश्नाचे उत्तर नेहमी अर्धवटच राहते, म्हणून ते एकदा नीट लिहून काढत आहे.

आकडा आधी सांगते. आम्ही २०२४ साली वून्सेल भागातले १९६८ मध्ये बांधलेले रो-हाउस घेतले. मागितलेली किंमत ४,२५,००० युरो होती आणि आम्ही ४,६२,५०० दिले, म्हणजे ३७,५०० युरो जास्त. पण हा आकडा तुमच्या काहीही उपयोगाचा नाही, आणि का नाही हे समजल्याशिवाय इथे बोली लावू नये, असे मला मनापासून वाटते.

घर कसे आहे हेही सांगायला हवे. डच लोक याला 'रायत्येसहाउस' म्हणतात, ओळीतले घर. आठ घरांची एक ओळ, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, पुढे चार पावलांची बाग, मागे थोडी मोठी बाग, तिच्या टोकाला सायकलींची खोली आणि तिच्यामागे बोळ. खालचा दिवाणखाना घराच्या पुढच्या खिडकीपासून मागच्या खिडकीपर्यंत सलग असतो, त्यामुळे सकाळचे ऊन एका बाजूने आणि संध्याकाळचे दुसऱ्या बाजूने आत येते. या देशातली बहुसंख्य मध्यमवर्गीय कुटुंबे अशाच घरांत वाढली आहेत आणि आजही अशाच घरांसाठी सर्वांत जास्त झुंबड उडते. देशात सुमारे चार लाख घरांचा तुटवडा आहे. त्यातही आइंडहोवेनला शेजारच्या फेल्डहोवेनमधल्या चिप-यंत्रांच्या कारखान्यामुळे आणि त्याच्या पुरवठादारांमुळे जगभरातून माणसे येत राहतात. एका शनिवारी दर वीस मिनिटांना एक याप्रमाणे कुटुंबे घर पाहून जातात, आणि आपण बाहेर पडत असताना पुढचे जोडपे दारात उभे असते.

माझे बाबा नाशिकला असतात. मी त्यांना फोनवर किंमत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "अगं, सव्वाचार मागितलेत ना? मग आपण चारपासून सुरुवात करायची." आपल्याकडे मागितलेली किंमत हे छप्पर असते, घासाघीस त्याच्या खाली चालते आणि मध्ये कुठेतरी सौदा ठरतो. इथे तीच किंमत बहुतेक वेळा जमीन असते. २०२४ मध्ये देशात विकल्या गेलेल्या घरांपैकी निम्म्याहून अधिक घरे मागितलेल्या किमतीच्या वर गेली. जास्त लोक बघायला यावेत म्हणून काही विक्रेते ती मुद्दाम कमी ठेवतात, काही जण ती खऱ्या अपेक्षेइतकीच लावतात, आणि फंडा या संकेतस्थळावरची जाहिरात पाहून कोणी काय केले आहे ते कळत नाही. कायद्यानेही त्या आकड्याला बंधन नाही. घराची जाहिरात म्हणजे विक्रीचा प्रस्ताव नव्हे, ते केवळ बोलणी करण्याचे आमंत्रण आहे, असे नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच सांगितले आहे. म्हणजे तुम्ही मागितलेली पूर्ण किंमत देऊ केली तरी मालक नाही म्हणू शकतो. म्हणूनच "किती टक्के जास्त" हा हिशेब फसतो, कारण टक्के ज्या आकड्यावर काढायचे तो आकडाच दर घराला वेगळ्या हेतूने लिहिलेला असतो.

त्याऐवजी दोन आकडे काढावेत.

पहिला आकडा म्हणजे हे घर मूल्यांकनात किती भरेल. २०१८ पासून इथली बँक घराच्या बाजारमूल्याच्या १०० टक्क्यांपर्यंतच कर्ज देते, आणि ते मूल्य नोंदणीकृत मूल्यांककाच्या अहवालावरून ठरते, तुमच्या बोलीवरून नाही. ऊर्जा वाचवणाऱ्या कामांसाठी ती मर्यादा १०६ टक्क्यांपर्यंत जाते, पण तो पैसा त्या कामांवरच खर्च करावा लागतो. आमच्या घराचे मूल्यांकन ४,५५,००० युरो आले. उरलेले ७,५०० युरो आमच्या बचतीतून गेले. हे मूल्य बोलीच्या आधीच कसे ओळखायचे, तर कडास्टर या सरकारी भूमिअभिलेख कार्यालयाकडून त्याच रस्त्यावरच्या घरांच्या खऱ्या विक्री-किमती थोडे शुल्क भरून मिळतात. आपल्या सात-बाऱ्यावर मालक कळतो, इथे त्याने किती दिले तेही कळते. नगरपालिकेने करासाठी ठरवलेले वॉझ मूल्य तर कोणालाही फुकट पाहता येते, पण ते आदल्या वर्षीच्या १ जानेवारीचे असते आणि चढत्या बाजारात ते मागेच राहते. आम्ही आमच्या ओळीतले आणि मागच्या ओळीतले मागील दीड वर्षातले सगळे व्यवहार एका वहीत मांडले होते. मागे वाढवलेले स्वयंपाकघर, माळ्यावर काढलेली खोली, ऊर्जा-लेबल, अशा फरकांसाठी अधिक-उणे केले आणि आमचा अंदाज ४,५२,००० आला. मूल्यांकन तीन हजारांनीच वेगळे निघाले.

दुसरा आकडा म्हणजे कर्जाच्या बाहेर तुम्ही रोख किती घालू शकता. इथे बहुतेक जण चुकतात, कारण ते फक्त वरच्या बोलीचा विचार करतात. खरेदीदाराच्या माथी येणारे खर्च कर्जात बसत नाहीत. मालमत्ता हस्तांतरणाचा कर स्वतः राहणाऱ्यासाठी २ टक्के आहे. ३५ वर्षांच्या आतल्या खरेदीदाराला आयुष्यात एकदा तो माफ असतो, घराच्या किमतीला त्यासाठी मर्यादा असते आणि २०२४ मध्ये ती ५,१०,००० युरो होती. दोघांनी मिळून घर घेतले तर प्रत्येकाच्या हिश्श्याचा विचार वेगळा होतो. माझा नवरा अडतीस वर्षांचा होता, मी चौतीस. त्यामुळे त्याच्या अर्ध्या हिश्श्यावर ४,६२५ युरो भरावे लागले आणि माझा हिस्सा सुटला. मात्र वय नोटरीकडच्या सहीच्या दिवशी, म्हणजे घर नावावर होते त्या दिवशी मोजतात, करार झाला त्या दिवशी नाही. माझा वाढदिवस ऑगस्टमध्ये होता, म्हणून आम्ही बोलीतच जुलैची तारीख लिहिली. त्याशिवाय नोटरी, मूल्यांकन, कर्ज-सल्लागार, आमच्या बाजूचा दलाल आणि आमचे डच कच्चे असल्यामुळे सहीच्या वेळी बसवलेला शपथबद्ध दुभाषी. वरचे ७,५०० धरून एकूण सुमारे तेवीस हजार युरो खिशातून गेले. ही रक्कम हाताशी आहे की नाही ते तपासल्याशिवाय बोलीचा आकडा तोंडातून काढू नये.

आता बोलीची रीत. बहुतेक ठिकाणी ती बंद असते. विक्रेत्याचा दलाल, ज्याला इथे माकेलार म्हणतात, एक दिवस आणि वेळ देतो. तोपर्यंत प्रत्येकाने एकच आकडा, आपल्या अटी आणि ताब्याची तारीख लिहून पाठवायची. इतर किती जण आहेत, त्यांनी काय लिहिले, हे कळत नाही. आणि मालकाने सर्वांत मोठ्या आकड्यालाच घर दिले पाहिजे असेही नाही. आम्ही आधी पाच घरे गमावली. चार आकड्यामुळे गेली. पाचवे का गेले ते कळायला काही आठवडे लागले. दलालांच्या प्रमुख संघटनांनी २०२३ पासून आपल्या सदस्यांना बोलीची नोंदवही ठेवणे सक्तीचे केले आहे, आणि विक्री पक्की झाल्यावर बोली लावणाऱ्यांना ती नावे वगळून पाहता येते. त्या नोंदवहीत सर्वांत मोठा आकडा आमचा होता. घर मिळाले त्याने आमच्यापेक्षा २,००० युरो कमी लिहिले होते, पण त्याच्या बोलीत एकही अट नव्हती. आमच्या बोलीत दोन होत्या, कर्ज न मिळाल्यास करार रद्द करण्याची आणि घराच्या तपासणीत मोठा दोष निघाल्यास रद्द करण्याची. त्या रात्री आम्हा दोघांनाही झोप लागली नाही. अटी सोडायच्या का, एवढाच विषय होता.

मी आजही सांगते की कर्जाची अट सोडू नका. ती सोडली आणि कर्ज फिसकटले, तर नेहमीच्या करारानुसार किमतीच्या १० टक्के दंड भरावा लागतो. आमच्या बाबतीत तो ४६,२५० युरो झाला असता. सही केलेल्या कराराची प्रत हाती आल्यावर कायद्याने तीन दिवस विचारासाठी मिळतात आणि त्या मुदतीत कारण न देता माघार घेता येते, पण बँकेचे उत्तर तीन दिवसांत येत नाही.

तपासणीची गोष्ट वेगळी आहे, कारण ती बोलीच्या आधीही करता येते. सहाव्या घराच्या वेळी आम्ही तेच केले. घर पाहिले शनिवारी, बोलीची मुदत होती बुधवारी दुपारी बारापर्यंत. विक्रेत्याच्या दलालाने मंगळवारी सकाळचा एक तास दिला आणि आम्ही चार-साडेचारशे युरो मोजून तपासनीस बोलावला. घर हातचे गेले असते तर ते पैसेही गेले असते, याची आम्हाला जाणीव होती.

तो तास मला जसाच्या तसा आठवतो. तपासनीस साठीचे गृहस्थ होते. त्यांनी छत पाहिले, माळ्यावरच्या तुळयांना टोचणी लावून पाहिली, वीजपेटी उघडली, आणि मग मुख्य दाराच्या आतले पायपुसणे बाजूला केले. त्याखाली एक चौकोनी झाकण होते. ते उचलल्यावर गुडघ्याएवढी खोल अंधारी जागा दिसली. इथल्या जुन्या घरांत जमीन आणि खालची माती यांच्यामध्ये अशी रांगत जाण्याची पोकळी असते. त्यांनी अंगावर पांढरा कागदी डगला चढवला, डोक्याला दिवा बांधला आणि पोटावर सरकत आत गेले. आम्ही दिवाणखान्यात उभे, आणि त्यांचा आवाज आमच्या पायांखालून येत होता. कधी पुढच्या खिडकीखालून, कधी मागच्या. मी त्या आवाजामागोमाग खोलीभर चालत होते. ते काय शोधत होते ते त्यांनी आधीच सांगितले होते. साठच्या दशकाच्या मध्यापासून पुढे सुमारे पंधरा-वीस वर्षे काही तयार काँक्रीटच्या जमिनींमध्ये काँक्रीट लवकर आळावे म्हणून क्लोराइड मिसळले जात असे. पुढे ओलाव्याने आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट खालून फोडत जाते. १९६८ चे घर म्हणजे नेमका तोच काळ. दहा मिनिटांनी ते बाहेर आले ते मूठ बंद करून, आणि उघडली तेव्हा तळहातावर कोरडी पिवळी वाळू होती. "जमीन दुसऱ्या जातीची आहे, तडे नाहीत, आणि खाली पाणी नाही," असे ते म्हणाले.

ही वाळू ब्राबांटची, म्हणजे आइंडहोवेन ज्या प्रांतात आहे त्याची, देणगी आहे. हेच घर तुम्ही खाऊडा, झानदाम किंवा रॉटरडॅमच्या जुन्या वस्त्यांत घेत असाल तर मऊ मातीमुळे पायाचा प्रश्न सर्वांत आधी विचारा. तिथली अनेक जुनी घरे लाकडी खांबांवर उभी आहेत. खांब पाण्याखाली असतात तोवर टिकतात, भूजल खाली गेले की त्यांच्या माथ्यांना हवा लागते आणि ते कुजू लागतात. पाया नव्याने करायचा खर्च एका घरामागे एक लाख युरोच्या घरात जाऊ शकतो. ॲम्स्टरडॅममध्ये आणखी एक चौकशी लागते, ती म्हणजे जमीन नगरपालिकेच्या भाडेपट्ट्यावर आहे का, कारण १८९६ पासून तिथे तशी पद्धत आहे.

आमच्या घरात दोष निघालेच. वरच्या मजल्यावर दोन खिडक्यांना एकेरी काच होती आणि सायकलींच्या खोलीवरचे नालीदार पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे होते. ते उतरवण्याचा आणि काचा बदलण्याचा खर्च आम्ही वहीत मांडला आणि तो आमच्या कमाल आकड्यातून वजा केला. मंगळवारी रात्री जेवणानंतर आम्ही दोघांनी एकमेकांना न दाखवता कागदावर एकेक आकडा लिहिला, ज्याच्यावर घर गेले तरी वाईट वाटणार नाही आणि ज्याला मिळाले तरी पश्चात्ताप होणार नाही असा. माझा ४,६५,००० होता, त्याचा ४,६०,०००. बुधवारी सकाळी अकराला ४,६२,५०० ची बोली गेली, फक्त कर्जाची अट ठेवून आणि तपासणी झाल्याचे स्पष्ट लिहून. संध्याकाळी पाचला दलालाचा फोन आला.

तेव्हा "किती जास्त" असे विचाराल तर मी तुमच्याकडेच आधी मागेन, त्या रस्त्यावरचे व्यवहार मांडलेली वही, बचतीचा खरा आकडा आणि तपासनिसाचा अहवाल. वही घेऊन या, आपण बसून बघू. आमची वही अजून आहे. तिच्या शेवटच्या पानावर नोटरीकडे जाण्याआधी घरातल्या शेवटच्या फेरीत उतरवलेले वीज, गॅस आणि पाण्याच्या मीटरचे आकडे आहेत, आणि त्यांच्याखाली एक्कावन्न वर्षे त्या घरात राहिलेल्या आजींची सही.