ऑफ कधी, ते आधी कळावं म्हणून

इंदूरच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी मेडिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. नर्सेस टिकत नाहीत ते पगारामुळे, असं सगळे धरून चालतात. पगार कमी आहेच. पण मला विचाराल तर परवा नाइट आहे की मॉर्निंग हेच ठाऊक नसणं जास्त पोखरतं. आमचा रोस्टर आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर यायचा. कुणी आलं नाही की इव्हिनिंगवालीनेच नाइट ओढायची, आणि त्या बदल्यात ऑफ कधी? "बघू." लोकमान्य नगरातल्या नातेवाइकांकडे हळदीकुंकू असलं तरी सासूबाई मला विचारायच्याही बंद झाल्या होत्या.

आम्ही काही जणी तक्रारीचा अर्ज लिहायला बसलो. आमच्यातली सर्वांत जुनी सिस्टर केरळची. ती म्हणाली, "रडगाणं नको, आकडे लिहा." मग दर हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, एका वहीत भरलेल्या खाटा किती, हजर नर्स किती आणि डबल ड्यूटी कुणाची, एवढंच टिपू लागलो. पेशंटचं नाव त्यात कुठेही येऊ दिलं नाही. महिना उलटायच्या आतच वही बोलू लागली: दिवसा कसंबसं निभायचं, पण रात्री एकीच्या वाट्याला दहा-बारा पेशंट.

याला मोजपट्टी हवी होती. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात जनरल वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स आहे, शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तीनमागे एक, आणि रजांसाठी वर 30 टक्के राखीव. पगाराचंही शोधलं. सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने सुचवलं होतं की 200 पेक्षा जास्त खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात नर्सला सरकारी नर्सइतका पगार असावा आणि 50 पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना किमान 20,000 रुपये. शिफारसच ती, कागदावर छान दिसते.

मेट्रन मॅडमकडे अर्ज दिला तेव्हा त्या चिडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तोंडी सांगत होतात तोवर मला वर काय दाखवता येत होतं?" एचआरमध्ये मात्र ठरलेलं उत्तर: स्टाफच नाही. म्हणून आम्ही होता त्याच स्टाफमध्ये चार आठवड्यांचा रोस्टर मांडून नेला. नाइट सलग, त्यांच्यानंतर लगेच ऑफ, आणि गैरहजेरीसाठी रोज एक रिलीव्हर. त्या सुमारास एनएबीएचची, म्हणजे हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेची, तपासणी जवळ आली होती, आणि तिथे स्टाफिंगचे कागद मागतात. आमच्या मांडणीपेक्षा त्या तारखेनेच काम केलं असेल, असा माझा संशय आहे. असो.

ट्रायल आमच्याच वॉर्डात झाली, आता सगळीकडे तेच आहे. 25 तारखेला पुढच्या महिन्याचा रोस्टर भिंतीवर लागतो. अदलाबदल दोघींच्या सह्यांनी होते. डबल ड्यूटी लेखी संमतीशिवाय नाही, आणि तिचा ऑफ पंधरवड्यात द्यावाच लागतो. पहिल्यांदा नाही म्हणायला नव्या मुली घाबरल्या. त्यांच्या वतीने इन्चार्ज सिस्टर बोलली. नोकरी सोडायच्या बेतात असलेली एक जण त्यानंतर थांबली.

रात्रीचं प्रमाण मात्र अजून तसंच आहे, आणि पगाराची फाइल वर गेली ती वरच आहे. सध्या आम्ही पाळणाघराच्या मागे लागलोय. मातृत्व लाभ कायद्यात 2017 च्या दुरुस्तीने आलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत असलेल्या नियमानुसार 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता आलं पाहिजे. आमच्यातल्या दोघींच्या 26 आठवड्यांच्या रजा संपत आल्या आहेत. प्रशासनाने लाँड्रीशेजारची स्टोअररूम दाखवली. तिला खिडकी नाही, वाफ थेट आत येते. आम्ही नको म्हणालो, तेही लेखी. सोमवारी दुसरी जागा दाखवणार आहेत.